वृक्षोद्यान चालतं कसं? विदर्भातली झाडं, त्यांच्या नोंदी आणि त्यांचा अभ्यास

रस्त्याकडेच्या कुठल्याही मोठ्या झाडाखाली उभं राहून दोन प्रश्न विचारा. हे झाड कुठल्या जंगलातल्या बीपासून आलं? आणि कोणत्या साली लावलं? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. त्यानं सावलीत फरक पडत नाही, पण अभ्यास मात्र तिथेच थांबतो. ज्या जागेतल्या प्रत्येक झाडाबद्दल या दोन प्रश्नांचं लेखी उत्तर सापडतं, ती जागा वृक्षोद्यान. झाडं शंभर असोत की दहा हजार, नोंद नसेल तर ती छान बाग झाली, एवढंच.

ही नोंद इतकी महत्त्वाची का, ते एका जुन्या बागेवरून कळतं. हावड्याजवळ शिबपूरची वनस्पती बाग १७८७ साली सुरू झाली. जहाजबांधणीसाठी साग वाढवणं हा तिच्या सुरुवातीच्या उद्देशांपैकी एक होता. गंगेकाठच्या त्या गाळाच्या जमिनीत चांगला साग होत नाही, हे तिथेच वर्षानुवर्षं झाडं लावून, पाहून कळलं. फसलेली लागवड लिहून ठेवली म्हणून ती पुढच्यांच्या कामी आली. नागपूरच्या काळ्या मातीत कुठलं झाड तगतं आणि कुठलं सडतं, हे कळण्याचाही दुसरा मार्ग नाही.

नोंद म्हणजे नेमकं काय

उद्यानात आलेल्या प्रत्येक खेपेला एक क्रमांक मिळतो, उदाहरणार्थ २०२४-०१३७. आधी वर्ष, मग त्या वर्षातला अनुक्रम. एक जात, एक ठिकाण, एक दिवस म्हणजे एक खेप. त्या बियांपासून पाच रोपं जगली तर त्यांना त्याच क्रमांकापुढे क, ख, ग अशी अक्षरं लागतात. झाड मेलं तरी तो क्रमांक दुसऱ्या झाडाला कधीच द्यायचा नाही. मेल्याची तारीख आणि कारण त्याच नोंदीत लिहायचं: वाळवी, पाणी साचणं, वादळ, की माहीत नाही.

क्रमांकासमोर बी कोणी आणि कधी गोळा केलं, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, जमीन मुरमाड की काळी, किती मातृवृक्षांवरून बी घेतलं, हे सगळं येतं. सर्वांत मोलाची एक छोटी खूण असते ती उगमाची: थेट जंगलातून, जंगलातून आणलेल्या झाडाच्या पुढच्या पिढीतून, बागेतून किंवा नर्सरीतून, की अज्ञात. आलापल्लीच्या जंगलातला साग आणि मेळघाटातला साग एकाच वाफ्यात शेजारी लावला, तर पाण्याच्या ताणाला कोणता कसा उत्तर देतो ते दहा-पंधरा वर्षांत मोजता येतं. नर्सरीतून आणलेला नुसता ‘साग’ या कामाला निरुपयोगी, दिसायला कितीही जोमदार असला तरी.

क्रमांक नावापेक्षाही भरवशाचा असतो, कारण नावं बदलतात. आपली बाभूळ आधी अकेशिया निलोटिका होती, आता व्हॅशेलिया निलोटिका आहे. धावडा अनोगायसस या प्रजातीत होता, अलीकडे त्याला टर्मिनेलियात, म्हणजे ऐन-अर्जुनाच्या घरात नेलं आहे. स्थानिक नावांचंही तेच. एका तालुक्यात तेंदू, दुसरीकडे टेंभुर्णी. पाटी बदलावी लागली तरी क्रमांक तोच राहतो आणि जुनी निरीक्षणं हरवत नाहीत.

क्रमांकाची पट्टी ॲल्युमिनियमची असावी आणि अक्षरं ठोकून उठवलेली असावीत. रंगानं लिहिलेली पाटी नागपूरच्या उन्हात फार काळ वाचता येत नाही. पट्टी खोडाला तारेनं घट्ट आवळणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. खोड जाड होतं, तार सालीत रुतते आणि पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणारा सालीतला थर कापला जातो. स्प्रिंग लावलेली सैल तार वापरावी आणि दरवर्षी ती तपासावी. पट्ट्या चोरीला जातात, माकडं ओढून काढतात, म्हणून प्रत्येक झाड नकाशावरही हवं. मोबाइलचा जीपीएस दाट पानांखाली ५ ते १० मीटर इकडेतिकडे दाखवतो. तेवढ्या अंतरात तीन झाडं मावतात. त्यापेक्षा जमिनीत पक्के खांब रोवावेत आणि दोन खांबांपासून टेपनं अंतर मोजून ठेवावं. तीस वर्षांनी आलेल्या माणसालाही तेच झाड सापडेल.

कोणती झाडं, आणि बी कसं आणायचं

नागपूरच्या आसपासचं मूळ जंगल कोरड्या पानगळीचं. साग, ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह, चार, रोहन, भेरा, हळदू, कुसुम, आणि खडकाळ टेकड्यांवर सालई, कुलू, सोनसावर. इथल्या वृक्षोद्यानाचा कणा या झाडांचाच असावा, असं आमचं ठाम मत आहे. परदेशी शोभेची झाडं कुठल्याही नर्सरीत मिळतात. रोहन किंवा भेरा शहरात वाढलेल्या किती मुलांनी पाहिला आहे?

प्रत्येक जातीचं एकच झाड लावणं पुरत नाही. तेंदूत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. एकटं झाड नर निघालं तर फळ कधीच धरणार नाही, आणि मादी निघालं तरी जवळ नर नसेल तर तीच गत. शेंद्रीचं आणि महारुखाचंही तसंच. रोपटं लहान असताना नर की मादी हे कळत नाही, म्हणून अशा जातींची निदान पाच-सहा रोपं लावावी लागतात. झाडांची दाटी होऊ नये म्हणून अंतर आधीच ठरवावं: सागाला ५ ते ६ मीटर चालतात, वडाला १५-२० मीटरही कमी पडतात.

बी गोळा करताना एकाच फळांनी लगडलेल्या झाडावरून पोतं भरायचा मोह होतो. तसं केलं तर सगळी रोपं एकाच आईची भावंडं होतात आणि त्या जातीतलं वैविध्य हातून निसटतं. शक्य तिथे ३० ते ५० झाडांवरून, एकमेकांपासून ५०-१०० मीटर दूर असलेल्या, थोडं थोडं बी घ्यावं. कुठल्याही झाडावरच्या तयार बीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नये, बाकी जंगलाचं. वनजमिनीतून बी आणायचं तर वन विभागाची परवानगी लागते. गावच्या हद्दीत जैवविविधता व्यवस्थापन समितीशी बोलावं. त्या समितीकडची लोक जैवविविधता नोंदवही वाचली तर कुठलं झाड कुठे आहे याचा अर्धा शोध तिथेच संपतो. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे कायद्याबद्दलच्या शंका इथेच फेडता येतात.

वेळ चुकली तर वर्ष गेलं. चारोळी एप्रिल-मेमध्ये पिकते, पळसाच्या शेंगा मे-जूनमध्ये, मोहाचं आणि कुसुमाचं बी पावसाच्या तोंडावर, सागाची फळं हिवाळ्यात.

सगळी बियाणी सारखी नसतात, आणि नर्सरीतलं निम्मं अपयश इथून येतं. बहावा, खैर, साग यांचं बी वाळवून वर्षानुवर्षं ठेवता येतं. बियाणं साठवणाऱ्यांचा जुना अंदाज असा की बीतला ओलावा १ टक्क्यानं कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं तरी पुन्हा दुप्पट. पण जांभूळ आणि मोह यांचं बी वाळलं की मरतं. त्यांना फ्रिजमध्ये जपून ठेवणं म्हणजे मारणंच. कडुनिंबाचं बी मधल्या जातीचं. गर धुऊन सावलीत सुकवलं तरी नेहमीच्या खोलीत काही आठवड्यांतच उगवण घसरते. जूनच्या शेवटी गोळा केलेल्या निंबोळ्या दोन आठवड्यांच्या आत पेरलेल्या बऱ्या.

उलट बहाव्याच्या बीचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरत नाही. एका कडेला सँडपेपरनं घासावं, किंवा उकळून आचेवरून उतरवलेलं पाणी ओतून रात्रभर त्यातच राहू द्यावं. सागाच्या फळाला रात्री भिजत आणि दिवसा उन्हात, असं आठ-दहा दिवस केलं तर उगवण सुधारते, तरी सगळी एकदम उगवत नाहीत. रोपं आठवडे-महिने मागेपुढे येत राहतात. वाफा लवकर मोडू नये.

धावड्याकडे जरा जवळून पाहू. हिवाळ्याच्या शेवटी त्याची वाटोळी, वाळकी बोंडं हातानं चुरली की पंखवाली बारीक फळं सुटतात. किलोभर माल सहज जमतो आणि पेरल्यावर काहीच उगवत नाही. कारण त्यातली बहुतेक फळं आतून रिकामी असतात. पेरण्याआधी शंभर फळं मोजून घ्यावीत आणि ब्लेडनं एकेक आडवं कापून भिंगाखाली पाहावं. आत पांढरा, भरीव गर्भ दिसला तर ते भरलेलं, नाहीतर पोकळ. शंभरात दोन-चार भरलेली निघाली तर त्याच हिशेबानं बी दाट फेकायचं. ही अर्ध्या तासाची तपासणी न केल्यामुळे धावड्याचे वाफे ओस राहतात आणि दोष मातीला किंवा माळ्याला दिला जातो.

काळी माती आणि मुरूम

नागपूर शहरातच दोन वेगळ्या जमिनी भेटतात. सेमिनरी हिल्ससारख्या उंचवट्यांवर बेसाल्ट खडकावर पातळ मुरूम, सखल भागात खोल काळी माती. वृक्षोद्यानाची आखणी आधी मातीचा नकाशा पाहून करावी, कुळांप्रमाणे वाफे पाडायचं नंतर. सालई, कुलू, अंजन मुरमावर, अर्जुन, करंज, बाभूळ, हिवर काळ्या मातीत. सागाला निचरा हवाच.

काळ्या मातीत पाणी पडलं की ती फुगते, आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रोपाची बारीक मुळं त्या भेगांत ताणून तुटतात. पावसाळ्यात उलटी अडचण. फावड्यानं खड्डा खणला की चिकण मातीच्या भिंती गुळगुळीत होतात. आत लाल माती आणि भरपूर शेणखत भरलं की सगळ्या बाजूंचं पाणी त्या सैल भरावात उतरतं आणि बाहेर पडत नाही. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडतात, ‘पाणी कमी पडलं’ म्हणून आणखी पाणी घातलं जातं आणि रोप मुळांतून सडतं. चांगली माती घालूनच हे झाड गेलेलं असतं.

त्यासाठी काळ्या मातीत खड्डा रुंद आणि उथळ करावा. खोली मुळांच्या गोळ्याएवढीच, रुंदी दोन-तीन पट. भिंती टिकावानं खरवडून खडबडीत कराव्यात. निघालेली तीच माती परत भरावी, कुजलेलं खत फार तर चौथा हिस्सा. रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा १५-२० सेंटिमीटर उंच उंचवट्यावर बसवावं. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग उघडा राहिला पाहिजे, तो गाडला गेला तर साल कुजते. मुरमात याच्या उलट: सब्बल आणि टिकावानं ९० सेंटिमीटरपर्यंत मुरूम फोडावा, कारण तिथे मुळांना खाली जायला वाटच नसते.

चुनखडी हा आणखी एक प्रश्न, आणि संत्र्याच्या बागा असणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. मातीत पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकावेत, फेस आला तर चुना आहे. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ०.५ टक्का फेरस सल्फेटची फवारणी काही आठवडे रंग परत आणते, पण ते पानांपुरतं. मातीत टाकलेलं लोह पुन्हा अडकून बसतं आणि जास्त पाण्यानं तक्रार वाढते. शहाणपण आधीच जागा बदलण्यात आहे. नागपुरात राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं मुख्यालय आहे, माती समजून घेण्यासाठी याहून चांगलं शहर क्वचितच मिळेल.

पहिले दोन उन्हाळे रोपाला आठवड्यातून एकदा साधारण २० लिटर पाणी, सावकाश आणि खोल. रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं वरच्या थरातच राहतात आणि ४५ अंशांच्या पुढे गेलेल्या मेमध्ये भाजतात. पालापाचोळ्याचं आच्छादन ७ ते १० सेंटिमीटर जाड, पण खोडापासून चार बोटं नव्हे, चांगलं वीतभर दूर. खोडाला टेकलं की वाळवीला आयता आडोसा मिळतो.

झाडाला काय काय विचारता येतं

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचं संशोधन म्हणजे ऋतुचक्राची नोंद: पालवी, पानगळ, कळ्या, फुलं, फळं, ठरलेल्या झाडांवर, ठरलेल्या वारी, दर आठवड्याला. विदर्भातल्या जंगलाचं एक कोडं यातूनच उलगडतं. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण होऊन फुलतो आणि बऱ्याच झाडांना ऐन वैशाखात, पाऊस महिनाभर दूर असताना, नवी पालवी येते. पाण्याशिवाय? पानं गळली की झाडाचं पाणी उडणं जवळजवळ थांबतं, मुळं खोलातून जे थोडं ओढतात त्यानं खोड पुन्हा भरतं, आणि वाढत्या दिवसाची चाहूल लागली की कळ्या उमलतात. कोणत्या जातीत ओलावा मुख्य आणि कोणत्या जातीत दिवसाची लांबी, हे ठरवायला अनेक वर्षांच्या साप्ताहिक नोंदी लागतात, आणि उगम माहीत असलेली झाडं लागतात.

वाढ मोजायची तर जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर घ्यायचा, उतारावर वरच्या बाजूनं मोजून. त्या उंचीवर रंगाची बारीक रेघ मारून ठेवावी. घेराला ३.१४ नं भागलं की व्यास. इथे नवख्यांना चक्रावणारी गोष्ट घडते. ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या घेरापेक्षा मेमधला घेर काही मिलिमीटरनं कमी भरतो. मोजणाऱ्याची चूक नसते. कोरड्या दिवसांत साल आणि तिच्या आतला ओला थर खरोखर आक्रसतो. म्हणून दरवर्षी एकाच महिन्यात मोजावं, पावसाळ्यानंतर उत्तम. वडाचा घेर मात्र पारंब्यांमुळे असा मोजता येत नाही, त्याच्या पसाऱ्याचा नकाशा काढावा. वय सांगायला वार्षिक वलयं सागात स्पष्ट उमटतात, पण उष्ण प्रदेशातल्या सगळ्याच झाडांत तसं नसतं. तिथे लागवडीची तारीख हाच एकमेव पुरावा.

प्रत्येक जातीचा वाळवलेला नमुनाही लागतो, म्हणजे उद्या ओळखीवर वाद झाला तर दाखवायला काही असेल. फुलं किंवा फळं असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबायची, पहिले चार दिवस कागद रोज बदलायचा. उन्हाळ्यात आठवड्याभरात काम होतं, जुलैत बुरशी धरते. साधारण २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर तो शिवायचा. फुलाचा रंग, वास, चीक या गोष्टी वाळल्यावर उरत नाहीत, त्या जागेवरच लिहायच्या. किडीसाठी पूर्वी पाऱ्याचं विषारी द्रावण वापरत. उणे २० अंशांत काही दिवस गोठवणं त्यापेक्षा माणसांना सुरक्षित.

लोकांसाठी

उन्हाळ्यात फेरी सकाळी ६ ला सुरू करून ७.३० ला संपवावी. एका जाणकारामागे १५ माणसं, एक किलोमीटरमध्ये दहा-बारा झाडं. त्याहून जास्त झाडं दाखवली तर घरी जाईपर्यंत सगळी एकमेकांत मिसळतात. मार्चमध्ये पानं नसतात ही अडचण मानू नये, साल ओळखायला तोच सर्वांत चांगला काळ. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तुकड्यांत फाटलेली, अर्जुनाची गुळगुळीत आणि फिकट, कुलूची पांढुरकी, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. मुलांना हात लावू द्यावा. दृष्टी नसलेल्या पाहुण्यांसाठीही हीच फेरी चालते. ऐन आणि अर्जुनापाशी कोशाच्या किड्याबद्दल जरूर सांगावं. भंडारा-गडचिरोलीतलं टसर रेशीम याच झाडांच्या पानांवर पोसलं जातं.

बिब्याला मात्र वाटेच्या कडेला लावू नये, त्याच्या चिकानं कातडी भाजते. उंच झाडावर आग्या मोहोळ असेल तर तो भाग दोरी बांधून बंद करावा, खाली धूर किंवा फटाके अजिबात नकोत. अवकाळीच्या वादळांआधी, म्हणजे मार्चमध्ये, वाटांवरच्या वाळक्या फांद्या आणि बांडगुळानं जड झालेल्या फांद्या उतरवाव्यात.

ऋतुचक्राच्या नोंदी नागरिकच करू शकतात. सीझनवॉच या देशभरच्या उपक्रमात शाळा आणि घरची माणसं आपापल्या झाडाची साप्ताहिक नोंद ठेवतात. पद्धत साधी: पालवी, फुलं, फळं यांच्यापुढे ‘नाही’, ‘थोडं’, ‘भरपूर’. उद्यानानं स्वयंसेवक घेतले तर दर महिन्याला दहातल्या एका झाडाची नोंद दोघांनी त्याच दिवशी, एकमेकांना न विचारता करावी. फरक बहुधा कळी आणि कोवळं फळ यांत पडतो. त्या दोघांना एकत्र झाडाखाली नेऊन दाखवलं की सुटतो. दुसरी नेहमीची चूक अशी की झाडावर काही नसलं की माणसं रकाना कोराच सोडतात. कोरा रकाना म्हणजे कोणी पाहिलंच नाही. ‘नाही’ म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. पळसावर ८ फेब्रुवारीला ‘नाही’ आणि १५ फेब्रुवारीला ‘थोडं’ लिहिलेलं असेल, तर फुलोरा त्या सात दिवसांत सुरू झाला हे पक्कं. ८ तारीख कोरी असेल तर तो एक फेब्रुवारीनंतर केव्हाही सुरू झालेला असू शकतो, आणि ते वर्ष मागच्या वर्षाशी ताडून पाहता येत नाही.